पंटला उभं राहणारं गाव : कोच फ्रँक बीमर यांच्या आठवणी

न्यू_रिव्हर_काठी

व्हर्जिनियातलं ब्लॅक्सबर्ग, म्हणजे माझ्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचं गाव, सोडून पंधरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात लेकीला घेऊन पहिल्यांदा परत गेलो. कॅम्पसच्या मधल्या ड्रिलफील्ड मैदानाला एक फेरी मारली, माझी जुनी लॅब बाहेरून दाखवली, मग चालत लेन स्टेडियमपाशी आलो. तिथे आता कोच बीमर यांचा पुतळा आहे, २०१८ साली बसवलेला. लेक दहा वर्षांची. तिने विचारलं, "बाबा, हे कोण?"

मी म्हटलं, "इथले फुटबॉलचे कोच होते."

ती म्हणाली, "मग तुमचे डोळे का भरले?"

तिला पटेल असं उत्तर मला तिथे देता आलं नाही. परतताना आय-८१ महामार्गावर तीन तास तेच डोक्यात होतं, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : फ्रँक बीमर १९८७ ते २०१५ अशी २९ वर्षं व्हर्जिनिया टेकच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. इथे २३८ सामने जिंकले. त्याआधी केंटकीतल्या मरे स्टेटला सहा वर्षं होते, तिथले धरून २८०. पण आकडे कुठेही मिळतात. मला सांगायचंय ते वेगळं. हा माणूस त्याच डोंगरातला. जवळच्या कॅरल काउंटीत, फॅन्सी गॅप आणि हिल्सव्हिलच्या परिसरात वाढलेला. १९६६ ते ६८ याच संघाकडून कॉर्नरबॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, म्हणून खेळला आणि पुढे इथेच येऊन राहिला. मिरजेहून आलेल्या मला त्या गावात पहिल्यांदा "आपलं" असं काही वाटलं ते त्यांच्या संघामुळे. पहिल्या सेमिस्टरला फॉक्सरिज अपार्टमेंटमधल्या घरात आम्ही चौघं, गादी एकच आणि बीटी या गावातल्या बससेवेचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं. शनिवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर सगळं गाव नारिंगी आणि मरून कपडे घालून एकाच दिशेने निघालेलं. आषाढीला आमच्या गावातून दिंडी जाते तेव्हा रस्ता असाच दिसतो.

या धाग्यावर आठवणी लिहा. तिथे शिकलेल्यांनी लिहाच, टीव्हीवर पाहिलेल्यांनीही लिहा. आणि ज्यांना खेळ कळत नाही त्यांनी बिनधास्त विचारा.

सह्यकडा

अशा धाग्याची वाट बघत होतो. मी तुमच्या बराच आधीचा, १९९१ चा. माझ्या काळात बीमर "बीमर" झालेले नव्हते.

१९९२ चा हंगाम आठवतो. दोन विजय, आठ पराभव, एक बरोबरी. कितीतरी सामने शेवटच्या काही मिनिटांत हातातून गेलेले. स्टेडियममध्ये रिकामे बाक दिसायचे. पहिल्या सहा वर्षांची बेरीज काढली तर २४ विजय, ४० पराभव, २ बरोबऱ्या. त्यांच्या हातात संघ आला तेव्हा आधीच्या काळातल्या नियमभंगाची शिक्षा म्हणून स्कॉलरशिप कमी केलेल्या होत्या, म्हणजे पोरंच कमी. हे कारण त्या वेळी कुणी फार ऐकून घेत नव्हतं. आमच्या डिपार्टमेंटच्या कॉफीच्या टेबलावर "आता घालवा यांना" हे रोजचं वाक्य होतं.

क्रीडा विभागाचे प्रमुख डेव्ह ब्रेन यांनी त्यांना ठेवलं. मदतनीस प्रशिक्षक बदलले, पण बीमर राहिले. पुढच्याच वर्षी, १९९३ ला, नऊ विजय आणि इंडिपेन्डन्स बोल (बोल म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक संघांना मिळणारा मानाचा सामना). लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला इंडियाना विद्यापीठाला ४५-२० हरवलं. त्या सामन्यात पहिला हाफ संपता संपता एका मिनिटाच्या आत दोन टचडाउन झाले, म्हणजे बॉल दोनदा समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. पहिला त्यांच्या हातातून निसटलेला बॉल पळवून, दुसरा त्यांची फील्ड गोलची (खांबांमधून बॉल मारायची) किक अडवून. मी एका अमेरिकन सहाध्यायाच्या घरी बघत होतो. त्याचे वडील सोफ्यावरून उठले ते हाफटाइम संपेपर्यंत बसले नाहीत.

आजच्या काळात २४-४० ला कुणी सातवं वर्ष देईल का, हे मला खरंच विचारावंसं वाटतं.

नवखी_होकी

मी आत्ताच इथे मास्टर्सला आलेय, म्हणून भीत भीत विचारते. सगळे "बीमरबॉल, बीमरबॉल" म्हणतात ते नक्की काय? आणि होकी म्हणजे काय? घरी आईला वाटतं मी हॉकी बघायला जाते.

पंट_ब्लॉक

@नवखी_होकी, भीत भीत कशाला, या खेळावर बोलायला मिळालं की आम्हाला आनंदच होतो.

होकी हा शब्द १८९६ साली एका विद्यार्थ्याने घोषणा लिहिताना मनाने तयार केला. त्याला अर्थ नव्हता. पक्षी म्हणाल तर तो टर्की, कारण जुनं नाव गॉब्लर्स होतं. म्हणून स्टेडियमवर टर्कीची तंगडी हातात धरून लोक फिरताना दिसतात.

आता बीमरबॉल. या खेळात बॉल ज्यांच्याकडे असतो त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन फुकट गेल्या की चौथ्या संधीला बहुतेक संघ बॉल लाथेने लांब मारून समोरच्याला देऊन टाकतात. हाच पंट. म्हणजे "आमचं काही जमलं नाही, घ्या बॉल, पण लांबून सुरुवात करा." इतर स्टेडियममध्ये पंटच्या वेळी लोक बाथरूमला जातात, खायला आणायला जातात. खेळातला सगळ्यात कंटाळवाणा क्षण म्हणून तो ओळखला जातो.

बीमर यांना त्याच क्षणात सामना दिसायचा. किक मारताना, किक झेलताना जे खेळाडू मैदानावर येतात त्यांना स्पेशल टीम्स म्हणतात. बहुतेक ठिकाणी तिथे राखीव पोरं पाठवतात आणि एखाद्या कनिष्ठ प्रशिक्षकाकडे ते काम देतात. बीमर मुख्य प्रशिक्षक असूनही हे काम स्वतः बघायचे आणि आपले सगळ्यात चांगले खेळाडू त्यात उतरवायचे. समोरचा पंट मारायला वाकला की आपली पोरं कोपऱ्यातून धावत जाऊन तो पायातून सुटताच अडवायची. त्यांच्या कारकिर्दीत शंभराहून जास्त किक अशा अडवल्या गेल्या.

क्रिकेटमध्ये बोलायचं तर एखाद्या कर्णधाराने ठरवावं की आम्ही सामने क्षेत्ररक्षणावर जिंकणार आणि संघातला सगळ्यात चांगला खेळाडू पॉइंटला उभा राहणार. पैसा कमी, गाव लहान, मोठी विद्यापीठं आधीच नावाजलेली पोरं उचलून नेतात. मग जिथे बाकीचे लक्षच देत नाहीत तिथे घाम गाळायचा. मी स्वतः छोट्या गावातल्या छोट्या कॉलेजातून तिथे गेलो होतो. हा विचार मला फुटबॉल कळायच्या आधी कळला.

आणि म्हणून लेन स्टेडियममध्ये समोरचा संघ पंट मारायला आला की लोक खाली बसत नाहीत, उभे राहतात. तू शनिवारी जाशील तेव्हा बघ.

नवखी_होकी

इतकं छान कुणी समजावलं नव्हतं. थँक्यू दादा. लॉटरीत तिकीट लागलंय, बघते नक्की.

मरून_नारिंगी

मी १९९९ चा. एवढं सांगितलं की होकी लोक माझ्याकडे हेव्याने बघतात.

मायकल विक क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हातात असलेला खेळाडू, होता, पहिलंच वर्ष खेळायचं. तो पळायला लागला की स्टेडियमचा आवाज आधी वाढायचा आणि मग क्षणभर थांबायचा, कारण लोक श्वास घ्यायचं विसरायचे. पण मला त्या हंगामातला सगळ्यात जवळचा क्षण विकचा असूनही विकचा नाही. ६ नोव्हेंबर, वेस्ट व्हर्जिनियाच्या मॉर्गनटाउनमध्ये. आम्ही एका गुणाने मागे, सव्वा मिनिट शिल्लक. विकने संघ पुढे आणला, आणि मग शेन ग्रॅहमने शेवटच्या सेकंदाला ४४ यार्डांवरून फील्ड गोल मारला. २२-२०. शेवटी जिंकून दिलं ते किकने! आम्ही टेरेस व्ह्यूच्या जिन्यात ओरडत धावलो, खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून आमच्यात सामील झाल्या.

अकरापैकी अकरा सामने जिंकून संघ न्यू ऑर्लिन्सला राष्ट्रीय विजेतेपदासाठी गेला. ४ जानेवारी २०००, समोर बॉबी बाउडन यांचा फ्लोरिडा स्टेट. २८-७ असे मागे पडलो, तिथून तिसऱ्या क्वार्टरअखेर २९-२८ असे पुढे आलो. शेवटी ४६-२९ हरलो. त्यात सगळ्यात लागलं हे की त्यांनी आमचा एक पंट अडवून टचडाउन केला आणि दुसरा पंट परत आणून आणखी एक. आमचंच शस्त्र.

त्यानंतर असा सामना पुन्हा खेळायला मिळाला नाही. पण त्या एका हंगामाने ब्लॅक्सबर्ग नकाशावर आलं. पुढच्या वर्षी भारतातून नवी पोरं आली ती आधीच संघाचं नाव ऐकून आली होती.

सह्यकडा

त्या पंटचं अगदी बरोबर. मी अजून ती चित्रफीत पूर्ण पाहू शकत नाही.

चिंचवडकर

२००० च्या ऑगस्टमध्ये मी नुकताच उतरलो होतो, जेट लॅग उतरला नव्हता. २७ तारखेला जॉर्जिया टेकविरुद्ध हंगामाचा पहिला सामना. खेळ सुरू होताच विजा आणि पाऊस. असा पाऊस मी लोणावळ्यालाच पाहिला होता. सामना रद्द झाला. टीव्हीवरचे ली कोर्सो, त्यांच्या भाड्याच्या गाडीवरच वीज पडली. लोक मात्र तासन् तास जागा सोडायला तयार नव्हते. मी भिजून चिंब, बाजूच्या अनोळखी काकांनी स्वतःचा पोंचो माझ्या डोक्यावर धरला. त्यांच्याकडे पुढे मी चार वर्षं थँक्सगिव्हिंगला जात होतो.

त्याच हंगामात संघ मैदानात येताना मेटालिकाचं "एंटर सँडमन" हे गाणं लावायला सुरुवात झाली. गिटार वाजली की साठ-पासष्ट हजार माणसं जागच्या जागी उड्या मारतात, काँक्रीटचे बाक पायाखाली हलतात. बोगद्यातून खेळाडू बाहेर येताना होकी स्टोनला हात लावून येतात. कॉलेजच्या बहुतेक इमारती ज्या करड्या दगडाच्या आहेत, तोच दगड. ज्यांनी ते एकदा ऐकलंय त्यांना कुठेही, पुण्याच्या एखाद्या मॉलमध्येसुद्धा ते गाणं लागलं तर पाय आपोआप उचलतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने बीमर यांना बोलावलं होतं. दोन-तीन दिवस गावात लोक हलक्या आवाजात बोलत होते, घरात कुणी आजारी असल्यासारखं. शेवटी ते राहिले.

शार्लट्सव्हिलकर

मी यूव्हीएचा (युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाचा), म्हणजे तुमच्या समोरच्या बाजूचा. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९९५ साली आमच्या मैदानावर चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही २९-१४ असे पुढे होतो. तुम्ही ३६-२९ जिंकलात. शेवटचा बॉल पळवून तुमचा खेळाडू कडेने धावत असताना आमच्या बाजूच्या एकाने सीमारेषेवरून पाय पुढे केला. त्याची मला आजही लाज वाटते. त्याच हंगामाच्या शेवटी तुम्ही शुगर बोलमध्ये टेक्ससला २८-१० हरवलंत. २००४ ते २०१८ सलग पंधरा वर्षं आम्ही तुमच्याकडून हरलो, त्यातली बारा बीमर यांच्या काळातली. प्रत्येक वेळी वाटायचं यंदा जमणार.

२८ नोव्हेंबर २०१५ ला मी स्कॉट स्टेडियममध्येच होतो. त्यांचा नियमित हंगामातला शेवटचा सामना. २३-२० जिंकले. आमच्याकडचे कितीतरी लोक हरूनही निघून गेले नाहीत, उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

आणि २००७ च्या एप्रिलमध्ये, तुमच्या कॅम्पसवर गोळीबार झाला तेव्हा, आमच्या बीटा ब्रिजवर पोरांनी तुमच्यासाठी रंग दिला होता. त्या रात्री मेणबत्ती घेऊन मीही त्या पुलावर उभा होतो. त्यानंतर तुम्हाला "विरोधक" म्हणताना आधीसारखा जोर राहिला नाही.

पंट_ब्लॉक

@शार्लट्सव्हिलकर, मनापासून आभार. तो पूल आम्ही विसरलेलो नाही.

गोकर्ण_निळी

मी खेळाची नाही, माणसाची आठवण लिहिते.

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी स्टोव्हच्या भडक्यात भाजलं होतं. छाती आणि मान. सांगलीच्या सिव्हिलमध्ये तीन महिने होता. पुढे तो शाळेत शर्टाचं वरचं बटण कधी उघडं ठेवत नसे, गॅदरिंगला स्टेजवर जात नसे.

मी ब्लॅक्सबर्गला गेले तेव्हा टीव्हीवर बीमर यांच्या मानेवर उजव्या बाजूला ते व्रण पाहिले आणि लगेच ओळखले. घरात एखाद्याला भाजलेलं असेल तर हे व्रण ओळखायला सांगावं लागत नाही. १९५४ साली, सात वर्षांचे असताना, कचरा जाळताना झाडू पेटला. तो गॅरेजमध्ये ठेवायला गेले आणि तिथल्या पेट्रोलच्या कॅनचा भडका उडाला. थोरल्या भावाने त्यांना जमिनीवर लोळवून आग विझवली. नंतर तीसच्या आसपास त्वचारोपणं, वर्षानुवर्षं हॉस्पिटल. ते स्वतःबद्दल हळहळायला लागले की आई त्यांना हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून फिरवून आणायची, ज्यांचं याहून वाईट होतं अशी मुलं दाखवायला.

हे मी भावाला पत्रात लिहून कळवलं, सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवलं. ज्यात त्यांची मान स्पष्ट दिसते तेच मुद्दाम निवडलं. हा माणूस दर शनिवारी लाखो लोकांसमोर उभा राहतो, कॉलर खाली, असं लिहिलं. भाऊ आज शिक्षक आहे. ते कात्रण त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. त्याला अमेरिकन फुटबॉलमधलं एक अक्षर कळत नाही.

मरून_नारिंगी

ताई, हे वाचून काय लिहावं सुचत नाही.

ड्रिलफील्ड_०७

इतके दिवस हा धागा नुसता वाचत होतो. आता लिहितो.

१६ एप्रिल २००७ ला मी कॅम्पसवर होतो. सोमवार होता, एप्रिल असून बर्फाचे कण उडत होते. गोळीबारात ३२ माणसं गेली. त्यात सिव्हिल इंजिनिअरिंगचे एक भारतीय प्राध्यापक होते, ज्यांचा वर्ग आमच्यातल्या कितीतरी जणांनी केला होता. आणि मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली आपली एक मुलगी. फोन लागत नव्हते. इचलकरंजीत आई-वडील टीव्हीसमोर बसलेले, आणि मी त्यांना दुपारी उशिरा फोनवर सापडलो. आई काही बोललीच नाही, नुसती श्वास घेत राहिली. त्या रात्री फॉक्सरिजमध्ये आम्ही एका घरात सतरा-अठरा जण झोपलो. कुणालाच एकटं राहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅसल कोलिझियममध्ये सभा झाली. आत मावले नाहीत ते हजारो लोक शेजारच्या लेन स्टेडियममध्ये बसले. मीही तिथेच. मैदानावर कुणी नाही, समोर पडदा आणि आमच्यासारखी गप्प बसलेली माणसं. सभेच्या शेवटी निकी जियोव्हानी यांनी कविता वाचली आणि त्यानंतर कुठूनतरी "लेट्स गो होकीज" सुरू झालं. फुटबॉलची घोषणा. मला आधी ते विचित्र वाटलं, मग मी स्वतः ओरडत होतो आणि रडत होतो. त्या क्षणी आमच्याकडे एकत्र म्हणायला दुसरं काहीच नव्हतं. प्रार्थना प्रत्येकाची वेगळी, भाषा वेगळ्या. ही एक ओळ सगळ्यांना येत होती. आणि ती ओळ गावाला वीस वर्षं कुणी म्हणायला लावली होती? याच माणसाने.

१ सप्टेंबरला पहिला सामना, ईस्ट कॅरोलिनाशी. उन्हाळाभर गावात एकच बोलणं होतं, जायचं की नाही, एवढ्या गर्दीत बसवेल का. मी गेलो. सामन्याआधी ३२ नारिंगी फुगे आकाशात सोडले. साठ हजारांहून जास्त माणसं आणि पानाचा आवाज नाही. फुगे दिसेनासे होईपर्यंत सगळे वर बघत होते. ईस्ट कॅरोलिनाने स्मृतिनिधीसाठी एक लाख डॉलर दिले, त्यांच्या लोकांनी आम्हाला रस्त्यात थांबवून मिठ्या मारल्या. मग गिटार वाजली. आम्ही उड्या मारल्या. माझ्या पुढच्या रांगेतली बाई उडी मारता मारता तोंड हातांनी झाकून घेत होती.

१७-७ जिंकलो. खेळ चांगला झाला नव्हता, आणि त्या दिवशी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बीमर सीमारेषेवर नेहमीसारखे उभे होते. साठीतला माणूस, टोपी, तोंडात च्युइंगम. त्यांना तिथे नेहमीसारखं उभं बघणं, एवढंच मला त्या दिवशी हवं होतं. बाकी सगळं बदललं होतं. सामन्यानंतर घरी येऊन आईला फोन केला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिला स्कोअर सांगितला.

गोकर्ण_निळी

🙏

न्यू_रिव्हर_काठी

ड्रिलफील्ड, तू लिहिलंस हे बरं केलंस. मी त्या वर्षी इंटर्नशिपला बाहेर होतो, हे सगळं दुरून पाहिलं. मेमोरियलचे ३२ दगड आहेत ना, तेही होकी स्टोनचेच. लेकीला तिथे घेऊन गेलो होतो. तिने प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं.

कृष्णाकाठ

धाग्याचा सूर सगळा भक्तीचा आहे आणि माझंही प्रेम कमी नाही, पण एक बाजू राहतेय. शेवटची चार वर्षं बघा : ७-६, ८-५, ७-६, ७-६. २०१० मध्ये जेम्स मॅडिसनसारख्या खालच्या गटातल्या संघाकडून घरी हरलो. २०१४ ला वेक फॉरेस्टशी साठ मिनिटं खेळून ०-० आणि मग जादा वेळेत ६-३ ने हार. आक्रमणाची पद्धत जुनी झाली होती, मदतनीसांवरची निष्ठा कधी कधी संघाच्या मुळावर येत होती. एक-दोन वर्षं आधी थांबायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही.

आणि मायकल विकचं पुढे जे झालं, २००७ मध्ये कुत्र्यांच्या झुंजींबद्दल तुरुंगवास, त्याच्या भावाला त्याआधीच विद्यापीठाने काढून टाकलेलं, त्यावरही बोललं पाहिजे. शिस्त कुठे सैल पडली का, हा प्रश्न त्या वेळी गावातल्या लोकांनीच विचारला होता.

पंट_ब्लॉक

@कृष्णाकाठ, शेवटच्या वर्षांबद्दल सहमत, आक्रमणाबद्दल तर शंभर टक्के. पण त्याच २०१४ ला कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटला ३५-२१ हरवलं होतं, हेही लिहा. त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता ओहायो स्टेट, आणि अख्ख्या हंगामात त्याला हरवणारा एकच संघ. त्याच डिसेंबरात घशाचं ऑपरेशन झाल्यामुळे मिलिटरी बोलला ते मैदानावर उभे राहू शकले नाहीत, तर वर प्रेस बॉक्समध्ये जाऊन बसले.

विजेतेपदाचं म्हणाल तर माझ्यासाठी मोजमाप १९९३ पासून सलग २३ वर्षं बोल सामना हे आहे. एक वर्ष सुटलं नाही. आमच्या पिढीला पडका हंगाम कसा असतो हे त्यांच्या काळात पाहायलाच मिळालं नाही.

सह्यकडा

विकबद्दल मी कृष्णाकाठ यांच्या बाजूने आहे. त्या बातम्या आल्या तेव्हा घरातली ७ नंबरची जर्सी मी कपाटात खाली ढकलून ठेवली होती, आणि ती आजही तिथेच आहे. फेकवली नाही, घालवतही नाही. बीमर त्या पोराच्या पाठीशी उभे राहिले. मला ते पूर्ण पटलं नाही. पण ज्याला अठराव्या वर्षी घरातून आणलं त्याला सत्ताविसाव्या वर्षी ओळख न दाखवणं त्यांना जमलं नसतं, एवढं मला कळतं.

कृष्णाकाठ

@पंट_ब्लॉक, ओहायो स्टेटचा मुद्दा मान्य. @सह्यकडा, जर्सीचं वाचून गप्प बसलो. माझ्याकडेही आहे एक.

चिंचवडकर

१ नोव्हेंबर २०१५ ला निवृत्तीची बातमी आली तेव्हा मी पुण्यात परत येऊन दहा वर्षं झाली होती. आमचा पाच-सहा जणांचा जुना गट आहे. गुरुवार रात्रीचे सामने म्हणजे इथे शुक्रवारी पहाटे, ते बघून तसेच ऑफिसला जाणारे आम्ही. २१ नोव्हेंबरला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, नॉर्थ कॅरोलिनाशी. माझ्या घरी लॅपटॉप टीव्हीला जोडला, बायकोने सगळ्यांसाठी साबुदाणा खिचडी टाकली. २४-१० असे मागे पडलो. मुलं झोपली, आम्ही आवाज बंद करून बघतोय. शेवटच्या मिनिटांत दोन टचडाउन, २४-२४! सहा पन्नाशीकडे झुकलेली माणसं हॉलमध्ये आवाज न करता उड्या मारत होती. जादा वेळेत ३०-२७ हरलो.

मग २६ डिसेंबरला टल्साविरुद्ध ५५-५२ जिंकून संपलं. इंडिपेन्डन्स बोल, श्रीव्हपोर्ट. सह्यकडांनी वर १९९३ चं लिहिलंय बघा, तेच गाव, तोच बोल. २३ वर्षांची रांग जिथे सुरू झाली तिथेच त्यांनी टोपी काढली.

नवखी_होकी

शनिवारी जाऊन आले! खरंच, पंटला सगळे उभे राहिले. शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझ्या खांद्यावर थाप मारून "वॉच धिस" म्हटलं. अडवला नाही गेला, पण सगळे अडवला जाणारच असं धरून बघत होते. बीमर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी!

त्याच आजोबांकडून आणखी एक कळलं : कोच खेळाडू असताना त्यांचा नंबर २५ होता, म्हणून ते निवृत्त झाल्यावर २०१६ पासून दर सामन्याला स्पेशल टीम्समधल्या एखाद्या खेळाडूला २५ ची जर्सी द्यायला सुरुवात झाली.

मरून_नारिंगी

हो, आणि बीमर यांचा मुलगा शेन आता साउथ कॅरोलिनाचा मुख्य प्रशिक्षक आहे. आमच्या १९९९ च्या संघात तो होता, पंटच्या वेळी बॉल मागे फेकणारा. बापाने मुलालाही पंटलाच लावलं होतं.

न्यू_रिव्हर_काठी

सगळ्यांचे आभार. लेकीला यातलं बरंचसं वाचून दाखवलं. गोकर्ण_निळी यांचं तिने दोनदा वाचायला लावलं.

माझी एक राहिली. २००५ च्या सप्टेंबरमध्ये आई-बाबा मला भेटायला आले होते. बाबा मिरजेच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आयुष्यात कबड्डी आणि कुस्ती सोडून दुसरा खेळ बघितला नाही. मी त्यांना जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्याला नेलं. आम्ही ५१-७ जिंकलो. बाबांना बहुतेक वेळ काही कळत नव्हतं, नुसते गर्दीकडे बघत होते. मग समोरचा संघ पंट मारायला आला, आणि आजूबाजूचे सगळे उठले. बाबांनी मला विचारलं, "आता काय आहे?"

म्हटलं, "ते हरले म्हणून बॉल देऊन टाकतायत."

"मग लोक का उठले?"

मी सांगितलं, इथले कोच म्हणतात, इथेच खरं काम आहे. बाबा काही बोलले नाहीत. पण नंतरच्या प्रत्येक पंटला माझ्या आधी उठत होते, धोतराचा सोगा एका हातात धरून.

आता ते ८३ चे आहेत, ऐकायला कमी येतं. रविवारी सकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला की आधी लेकीची चौकशी, मग माझ्या तब्येतीची. त्यानंतर कॅमेऱ्यात तोंड अगदी जवळ आणून मोठ्याने विचारतात, "काल अडवला का रे?"